थोरलीने वाट पाडली

आपल्या गावांत एक गोष्ट नेहमी पाहायला मिळते. घरातला थोरला मुलगा तालमीत जाऊ लागला, की महिन्या-दोन महिन्यांत धाकटाही लंगोट मागतो. त्याला कोणी सांगितलेले नसते. थोरल्याच्या अंगाला लागलेली लाल माती, रात्री त्याच्यासाठी वेगळे काढून ठेवलेले दूध, जत्रेच्या फडात त्याने मारलेली कुस्ती आणि त्यावर मिळालेला नारळ-फेटा, एवढे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते आणि तेवढे त्याला पुरते. मुलींच्या बाबतीत मात्र थोरलीमागून धाकटी बहुधा चुलीपाशी, नाहीतर पाणवठ्यावर जाते. मैदानावर थोरलीच कधी गेलेली नसते, मग धाकटी जाणार कोणामागे?

आज ज्या घराची हकीकत सांगायची आहे, त्या घरातली थोरली मैदानावर गेली. हे घर आपल्या मुलखातले नाही. आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा देश आहे, तिथले ते आहे. पण घर शेतकऱ्याचे आहे. गुरे, पेरणी, पाणी भरणे, पायी शाळा, सगळे आपल्यासारखेच. त्यामुळे वाचकांना ते फार परके वाटू नये.

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा. तिच्या दक्षिणेला अर्सी नावाचा डोंगराळ मुलूख आहे आणि त्यात बेकोजी हे छोटेसे बाजाराचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,८०० मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी हजाराहून अधिक मीटर चढून जावे, तेव्हा आपण ज्या उंचीवर पोहोचू, त्या उंचीवर ही माणसे नांगर धरतात. नांगर बैलांचाच. पिके गव्हाची, जवाची आणि तेफची. हे तेफ म्हणजे नाचणीहूनही बारीक दाण्याचे धान्य. त्याचे पीठ आंबवून मोठ्या तव्यावर घालतात आणि आपल्या आंबोळीसारखी, पण परातीएवढी मोठी भाकरी करतात. तिला ते इंजेरा म्हणतात. तिच्यावरच कालवण वाढायचे आणि सगळ्यांनी एका ताटात जेवायचे. माळावर मेंढ्या आणि गुरे, गावाच्या कडेला निलगिरीची राने.

अशा या मुलखात दिबाबा नावाच्या शेतकऱ्याचे घर होते. मातीच्या भिंतींची गोल झोपडी, वीज नाही. घरात मुलेमुली बरीच. त्यांतल्या तिघी पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाल्या. एजेगायेहूचा जन्म १९८२ चा, तिरुनेशचा १९८५ चा आणि गेंझेबेचा १९९१ चा. तिघींच्या नावापुढे 'दिबाबा' लागते ते आडनाव नव्हे. तिकडे आडनावाची चाल नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या नावापुढे बापाचे नाव लावायचे, की झाले. म्हणजे पोरींनी मिळवलेले प्रत्येक पदक बापाच्या नावावर आपोआप चढत गेले!

या घराच्या नात्यात आधी एक बहीण होऊन गेली होती, तिचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती देरार्तू तुलू. लहानपणी गुरे राखणारी ही मुलगी १९९२ साली स्पेनमधल्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावली. चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. ती पहिली आली आणि ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवणारी आफ्रिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. दुसरी आली होती दक्षिण आफ्रिकेची गोरी एलाना मायर. वर्णभेदामुळे त्या देशाला कित्येक वर्षे ऑलिंपिकमध्ये बंदी होती आणि त्याच वर्षी तो परत आला होता. शर्यत जिंकल्यावर देरार्तू तिच्यासाठी थांबली आणि दोघींनी हातात हात घालून मैदानाला फेरी मारली. ते दृश्य पुष्कळांना अजून आठवत असेल. पुढे २००० साली सिडनीत देरार्तूने हीच शर्यत पुन्हा जिंकली.

देरार्तूला पहिल्यांदा पळायला शिकवले ते बेकोजीच्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी. त्यांचे नाव सेंतायेहू एशेतू. मोठे क्रीडांगण नाही, साधने नाहीत. मातीची धावपट्टी, चढाची टेकडी आणि निलगिरीच्या झाडांमधून नागमोडी धाव, एवढ्यावर त्यांनी पोरे तयार केली. खेड्यातल्या एका शाळामास्तराच्या हातून ऑलिंपिकचे किती विजेते घडावेत, याला काही हिशेबच राहिला नाही.

देरार्तूच्या पदकाने गावातल्या मुलींना एवढे कळले, की आपल्यातली मुलगी पळून जग जिंकू शकते. पण एखादी गोष्ट होऊ शकते हे कळणे वेगळे आणि आपल्या घरातून बाहेर पाऊल टाकणे वेगळे. नात्यातली बहीण कितीही मोठी झाली, तरी ती असते दुसऱ्या घरातली. दिबाबांच्या घरातून ते पाऊल एजेगायेहूने टाकले. ती पळू लागली आणि राजधानीत जाऊन राहिली. त्या वेळी तिला कोणी ओळखत नव्हते.

२००० सालची गोष्ट. तिरुनेश तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला अदिस अबाबाला धाडण्याचे ठरले. तिथे एजेगायेहू होती, नात्यातली आणखी एक बहीण होती. दोघीही पळणाऱ्या, एकत्र राहणाऱ्या. पोरगी त्यांच्यापाशी राहील आणि शाळेत जाईल, असा साधा बेत. पण ती शहरात पोहोचेपर्यंत शाळेत नाव घालण्याची मुदत टळून गेली होती.

आता आपल्याकडच्या एखाद्या घरात असे झाले तर काय होते, ते वाचकांना सांगायला नको. "वर्ष गेलंच आहे, तर ये माघारी. पुढचं पुढं बघू." आणि माघारी आलेल्या मुलीचे पुढे काय बघितले जाते, तेही ठाऊक आहे. तिकडेही तीच रीत. गावी परतले असते तर माझे लग्न लावून दिले असते आणि खेड्यातल्या इतर मुलींसारखेच माझे आयुष्य गेले असते, असे तिरुनेशने पुढे स्वतःच सांगितले आहे.

बहिणींनी तिला माघारी पाठवले नाही. शाळा नाही तर नाही, तोवर आमच्याबरोबर पळ, असा मार्ग निघाला. तुरुंग-पोलिसांच्या क्रीडा मंडळात तिचे नाव घातले गेले. आपल्याकडे पोलीस, रेल्वे आणि सैन्यदल जसे खेळाडूंना आपल्या आश्रयाला घेतात, तशी तिकडेही सरकारी खात्यांची मंडळे असतात. नवख्या मुलीला त्यातून थोडाबहुत आधार मिळतो आणि मुख्य म्हणजे शहरात राहायला कारण मिळते.

पुढचे सगळे इतक्या झपाट्याने झाले, की कादंबरीत लिहिले तर खोटे वाटावे. २००१ साली, म्हणजे वर्षभरातच, ती बेल्जियममध्ये जागतिक क्रॉस-कंट्रीच्या कुमारी गटात पाचवी आली. क्रॉस-कंट्री म्हणजे मैदान सोडून माळरानातून, चिखलातून, चढउतारावरून धावायचे. बेकोजीच्या मुलीला त्यात नवे असे काहीच नव्हते. दुसऱ्या वर्षी ती दुसरी आली आणि २००३ साली पहिली. त्याच वर्षी पॅरिसला तिने मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत ५,००० मीटरची शर्यत मारली. वय वर्षे अठरा. इतक्या लहान वयात वैयक्तिक शर्यतीत जगज्जेती तोवर कोणी झाली नव्हती.

धाकटी अशी पुढे गेली, तेव्हा थोरलीचे काय झाले? हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. भावकीत तर तो आधी येतो. एजेगायेहू पळतच राहिली. २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरला चीनची शिंग ह्विना पहिली आली. तिच्या मागोमाग दुसरी आली एजेगायेहू आणि तिसरी आली देरार्तू. आणि ५,००० मीटरला तिसरी होती तिरुनेश. एकाच गोतावळ्यात एका ऑलिंपिकमध्ये तीन पदके!

त्यानंतरच्या वर्षी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, फिनलंड देशात हेलसिंकी येथे जागतिक स्पर्धा झाली. ती जरा सावकाश सांगतो, कारण दोघी बहिणी तिथे दोन्ही शर्यतींत एकाच मैदानावर उतरल्या होत्या. आधी झाली १०,००० मीटरची शर्यत. पंचवीस फेऱ्यांतल्या चोवीस संपल्या, तरी पुढच्या झुंडीत इथिओपियाच्या तिघी होत्याच. शेवटच्या फेरीत तिरुनेशने अशी मुसंडी मारली, की चारशे मीटर तिने साठ सेकंदांच्या आत संपवले. साडेनऊ किलोमीटरहून अधिक धावून झाल्यावरचे हे चारशे मीटर आहेत, हे ध्यानात घ्या. ती पहिली, तिच्याच देशाची बेऱ्हाने अडेरे दुसरी आणि एजेगायेहू तिसरी. पहिली आणि तिसरी यांच्यात अवघे दोन सेकंद. आठवड्याने ५,००० मीटरची शर्यत झाली. तिथेही तिरुनेश पहिली आणि एजेगायेहू तिसरी. मध्ये होती मेसेरेत डेफार, तीही इथिओपियाचीच. एकाच जागतिक स्पर्धेत या दोन्ही शर्यती जिंकणारी तिरुनेश ही पहिली स्त्री. आणि दोन्ही वेळा तिच्या पाठोपाठ तीच बहीण, जिच्या घरी ती पाच वर्षांपूर्वी राहायला आली होती.

मला विचाराल तर त्या स्पर्धेतली एजेगायेहूची दोन कांस्यपदके धाकटीच्या सुवर्णापेक्षा काही हलकी नाहीत. हे मत माझे. वर्तमानपत्रांनी मथळे अर्थातच धाकटीला दिले.

पुढे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिरुनेशने ५,००० आणि १०,००० अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. ऑलिंपिकमध्येही असे करणारी ती पहिलीच स्त्री. १०,००० मीटरला तिला २९ मिनिटे ५४.६६ सेकंद लागले. म्हणजे तासाला वीस किलोमीटरचा वेग. बाजाराच्या गावी दहा किलोमीटरवर आपण सायकल मारत जातो, ती सायकल बहुधा या बाईच्या मागे राहील. २०१२ साली लंडनला तिने १०,००० मीटर पुन्हा जिंकली. नंतर २०१५ मध्ये तिला मुलगा झाला आणि २०१६ साली रिओ येथे तीच शर्यत ती पुन्हा धावली. तिसरी आली, पण तिची वेळ २९ मिनिटे ४२.५६ सेकंद होती. मूल झाल्यावर, एकतिसाव्या वर्षी, ती बीजिंगपेक्षाही जलद धावली. बाळंतपणानंतर बाईच्या अंगातला जोम सरतो, असे ज्या सासवा म्हणतात त्यांना हे जरूर वाचून दाखवावे.

आता राहिली गेंझेबे. थोरल्या दोघी अथेन्सला पदके घेत होत्या, तेव्हा ही तेरा वर्षांची होती. हिला कोणी पळण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागले नसणार. २००८ च्या मार्च महिन्यात स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा झाली. कुमारींची शर्यत गेंझेबेने जिंकली आणि त्याच दिवशी स्त्रियांची शर्यत तिरुनेशने. पुरुषांची शर्यत कोणी जिंकली असेल? केनेनिसा बेकेलेने, आणि तोही बेकोजीचाच! एका खेड्याने एका दिवसात जगाचे तीन मुकुट घरी नेले.

गेंझेबे थोड्या आखूड पल्ल्याकडे वळली. १७ जुलै २०१५ रोजी मोनॅको येथे तिने १,५०० मीटर ३ मिनिटे ५०.०७ सेकंदांत संपवले आणि १९९३ पासूनचा जागतिक उच्चांक मोडला. ५,००० मीटरचा उच्चांक तेव्हा तिरुनेशच्या नावावर होता, तो तिने २००८ साली ओस्लोला केला होता. सख्ख्या बहिणी आणि दोघींच्या नावावर एकाच वेळी जागतिक उच्चांक! तिरुनेशचा उच्चांक २०२० साली मोडला आणि गेंझेबेचा २०२३ साली. उच्चांक हे मोडण्यासाठीच असतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गेंझेबेला १,५०० मीटरचे रौप्यपदक मिळाले. तिघी बहिणींची मिळून ऑलिंपिकची आठ पदके झाली. देरार्तूची तीन धरली तर अकरा.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, की त्या लोकांच्या रक्तातच ते आहे. उंचीवर हवा विरळ असते, हे खरे. बेकोजीला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सात-दशांश इतकाच भरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी, म्हणून तिथे वाढणाऱ्या माणसाचे शरीर तो वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी अधिक तयार करते. अशी माणसे सखल जागी येऊन धावली, की त्यांना दम पुरतो. दुसरे, शाळा लांब. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी इथिओपियाच्या नामवंत धावपटूंची पाहणी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की लांब पल्ल्याच्या धावपटूंत अर्सी भागातली माणसे फार मोठ्या प्रमाणात आहेत आणि लहानपणी लांबच्या शाळेला धावत जाणारेही इतरांपेक्षा जास्त आहेत.

पण उंच डोंगर जगात पुष्कळ आहेत आणि लांबच्या शाळेला पायी जाणारी पोरे तर आपल्याकडेही गावोगाव आहेत. बेकोजीच्याच आसपास तसल्याच झोपड्यांत तशीच पोरे वाढली, तीच हवा प्याली आणि गुरामागेच राहिली. मग एकाच घरातून तिघी का निघाव्यात? रक्त एक, हे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण २००० सालच्या त्या दिवशी, शाळेची मुदत टळून गेल्यावर, तिरुनेशच्या रक्ताने काही केले नाही. शहरात एक खोली होती, त्या खोलीत थोरली बहीण होती आणि त्या बहिणीला कुठल्या मंडळात जायचे, कोणाला भेटायचे, पहाटे किती वाजता उठायचे हे ठाऊक होते. थोरलीने धाकटीला उपदेश केला असेल नसेल, अंथरुणाला जागा दिली हे नक्की. शिवाय आईबापांचेही एक असते. परक्या शहरात मुलीला एकटी धाडायला कोणाचे काळीज होत नाही. "तिच्या बहिणीपाशी आहे" एवढे एक वाक्य असले, की घराला झोप लागते. पहिली जाते तिला हे वाक्य मिळत नाही. म्हणून पहिलीचे जाणे सगळ्यांत अवघड.

भावांच्या बाबतीतही असेच दिसते. बेकोजीहून फार लांब नसलेल्या असेला गावाजवळ हैले गेब्रसेलासीचा जन्म १९७३ साली झाला. भावंडे दहा. शाळा दहा किलोमीटरवर, रोज धावत जायचे आणि धावत यायचे. डाव्या बगलेत पुस्तके धरण्याची अशी सवय जडली, की पुढे जगभर धावतानाही त्याचा डावा हात वाकडाच राहिला. बापाला पळणे मंजूर नव्हते. पोराने शेतात राबावे, हा त्याचा धोशा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा मिरुत्स यिफ्तर जिंकला, ते वर्णन लहानग्या हैलेने बापाच्या रेडिओवर चोरून ऐकले. पण रेडिओवरचा आवाज लांबचा. त्याचा थोरला भाऊ तेकेये हा स्वतः मॅरेथॉन धावत होता, आणि घरात धावपटू असण्याचा अर्थ हैलेला त्याच्याकडून कळला. हैलेने पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि २००८ साली बर्लिनला मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांत धावून उच्चांक केला.

केनेनिसा बेकेलेचा उल्लेख वर आलाच आहे. १०,००० मीटरची ऑलिंपिक शर्यत त्याने २००४ आणि २००८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. त्याचा धाकटा भाऊ तारिकू त्याच्या मागोमाग धावपटू झाला. २०१२ साली लंडनला दोघे एकत्र उतरले. शेवटच्या फेरीत थोरला मागे पडला. तिसरे पदक धाकट्या तारिकूला मिळाले आणि केनेनिसा एका सेकंदाच्या अंतराने चौथा आला. वाट दाखवणाऱ्यावर कधी कधी अशीही पाळी येते.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील की लेखकाने नुसत्या पदकांच्या माळा ओवल्या. बेकोजीच्या मातीवर पहाटे पळणारी पोरे शेकड्यांनी आणि जगापुढे येणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या गावावर 'टाऊन ऑफ रनर्स' नावाचा माहितीपट २०१२ साली निघाला. त्यात दोन मैत्रिणींची कहाणी आहे. गाव सोडून त्या दूरच्या प्रशिक्षण केंद्रांत जातात आणि तिथे त्यांच्या वाट्याला हाल येतात. घरापासून दूर, वयाने लहान, पाठीशी कोणी वडीलधारे नाही. हा माहितीपट पाहिला, की एजेगायेहूच्या खोलीची किंमत अधिक कळते.

इथिओपियाचे धावपटू आपल्याकडे दरवर्षी येऊन जातात. मुंबई मॅरेथॉन २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे त्याच देशाच्या हायले लेमीने जिंकली. त्याच मुंबईत आपल्या सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची शेतकरी घरातली ललिता बाबर भारतीय स्त्रियांत लागोपाठ तीनदा पहिली आली होती. आणि गेंझेबे व तिरुनेश ज्या रिओ ऑलिंपिकमध्ये धावल्या, त्याच ऑलिंपिकमध्ये ललिता ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय स्त्री धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत गेली होती. माणचा दुष्काळी माळ बेकोजीइतका उंच नाही, पण पायांना राबवण्यात तो काही कमी नाही.

तेव्हा आपल्या घरात एखादी थोरली किंवा थोरला पळायचे म्हणत असेल, तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. पहिले दोन-तीन महिने भरभर चालणे आणि अगदी सावकाश धावणे, एवढेच करावे. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, इतके सावकाश. हौसेने पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर पळणाऱ्याची नडगी दुसऱ्या आठवड्यात दुखू लागते. डांबरी सडकेपेक्षा मातीची पाणंद बरी. बूट महागच हवेत असे नाही, पण पायाला बरोबर बसणारे हवेत. भावाचे जुने मोठे बूट चिंध्या कोंबून बहिणीला देऊ नयेत. पहाटे अंधारात मुलींनी एकटीने न जाता दोघी-तिघींनी मिळून जावे, किंवा धाकट्या भावाला सायकलवर बरोबर घ्यावे. अशाने तोही कधी सायकल टाकून पळू लागेल, सांगता येत नाही.

जेवणाचे मात्र घरातल्या बाईने मनावर घेतले पाहिजे. मुलगी पाणीही भरते, गोठाही काढते, शाळाही करते आणि वर धावते. तिने सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खायचे, हे चालणार नाही. बाजरी-नाचणीची भाकरी, कडधान्ये, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, जमेल तसे दूध आणि चालत असेल तर अंडे, हे पोटभर मिळाले पाहिजे. आपल्या मुलींत रक्त कमी असण्याचे प्रमाण फार आहे. धावायला लागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आणि खूप धावणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर ती पळण्यामुळे होणारी साधी गोष्ट समजून सोडून देऊ नये. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरला दाखवावे. पाण्याचे दोन हंडे भावाने उचलले, तर त्याचेही काही बिघडत नाही.

दिबाबा भगिनींचे पुढे काय झाले, तेवढे सांगून थांबतो. त्यांच्यामागून ॲना ही आणखी धाकटी बहीणही पळू लागली. गेंझेबेने २०२२ साली ॲमस्टरडॅमला पहिली मॅरेथॉन धावली. वेळ २ तास १८ मिनिटे ५ सेकंद, क्रमांक दुसरा. तिरुनेश २०१७ च्या एप्रिलमध्ये लंडन मॅरेथॉनला दुसरी आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली शिकागो मॅरेथॉन तिने जिंकली. शिकागोच्या त्या रस्त्यांवर सहा वर्षे आधी, २०११ साली, एजेगायेहू आपली पहिली मॅरेथॉन धावून गेली होती. २ तास २२ मिनिटे ९ सेकंद. त्या दिवशी रेषेवर ती दुसरी पोहोचली होती.